हात वर होता तेवढा वेळ

रविवारी आमच्याकडे टपाल येत नाही. तरीही १९१४ च्या दोन ऑगस्टला, रविवारी सकाळी पोस्टमनने दारावरची घंटा ओढली, आणि माझ्या बायकोने, आडेलने, न्याहारीच्या टेबलावर माझ्यासमोर आणून ठेवलं ते निळं पाकीट होतं. मी अंडं फोडत होतो. चमचा हातात तसाच राहिला. निळ्या पाकिटाचा अर्थ आमच्या सैन्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ते थेट बर्लिनहून येतं, आणि आत फार सभ्य भाषेत लिहिलेलं असतं की तुमच्या सेवेची आम्हाला कदर आहे, आणि आता तुम्ही घरी बसावं. माझं पाकीट १९०५ च्या ऑक्टोबरात आलं होतं. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो, मेजर होतो, आठशे माणसांच्या बटालियनचा धनी होतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुठली विजार घालायची हेही मला कळेना, कारण साधी विजार माझ्याकडे एकच होती. तेव्हा हे दुसरं पाकीट पाहून, सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात आलं ते एवढंच, की आता आणखी काय काढून घेणार? पेन्शन? नावापुढचा हुद्दा? सणावारी गणवेश घालायची परवानगी? मेलेल्याला पुन्हा फाशी कशी देतात ते पाहायचं कुतूहलही वाटलं.

"उघडा की," आडेल म्हणाली. "की हेही पिकेपर्यंत थांबायचं?"

हा टोमणा पेअरचा होता. आमच्या मागच्या अंगणात पेअरची तीन झाडं आहेत. पेअरचं फळ फार तर एक दिवस खाण्याजोगं असतं. आदल्या दिवशी दगड आणि दुसऱ्या दिवशी लगदा. नऊ वर्षं मी दर सप्टेंबरात झाडाखाली उभा राहून फळ चाचपतो, आज नको, उद्या बघू म्हणतो, आणि नऊ वर्षं आम्ही लगद्याचा मुरंबा खातो आहोत. आडेल शेजारणींना मुरंबा देताना सांगते, "आमच्या मेजरसाहेबांनी विचार करून केलाय." तिच्या बोलण्यात विष नसतं. विष होतं ते दुसरीकडे, एका कागदावर, आणि त्या कागदावरचं वाक्य मला पाठ होतं: निर्णयाच्या क्षणी कचरतो. माझ्या गोपनीय अहवालात हे वाक्य कर्नल एगेलिंग यांनी लिहिलं होतं. ते तेव्हा माझ्या रेजिमेंटचे प्रमुख होते. अहवाल गोपनीय असतात, म्हणजे कचेरीतल्या कारकुनापासून कर्नलच्या घोडेवाल्यापर्यंत सगळ्यांना ते ठाऊक असतात, आणि तसं ते मलाही कळलं होतं. कर्नलना मात्र मला कळलंय हे माहीत नव्हतं. निदान मी तसं धरून चाललो होतो, कारण त्याच वर्षी निवृत्त होऊन तेही आमच्याच गावात राहायला आले. आमचं गोर्लिट्झ पेन्शनरांचं गाव. इथे डोळे मिटून दगड भिरकावला तरी एखाद्या निवृत्त अधिकाऱ्यालाच लागायचा.

पाकीट उघडलं. दोनदा वाचलं. मग आडेलकडे दिलं, कारण माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नव्हता. तिने हात पुसून वाचलं. निवृत्त मेजर लोथार ब्रेनेके यांस पुन्हा सेवेत घेण्यात येत असून त्यांनी चोवीस तासांच्या आत अमुक जंक्शनवर जाऊन स्टेशनचे लष्करी कमांडंट म्हणून ताबा घ्यावा. आडेल उठली, कपाटाच्या तळाशी कापूर लावून ठेवलेला माझा निळा कोट तिने काढला आणि माझ्या अंगावर धरला. पोटावर चार बोटांची फट राहत होती. "नऊ वर्षांचा मुरंबा," ती म्हणाली, आणि एकदम तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नवे करडे गणवेश तरण्या रेजिमेंटांना मिळाले होते. आमच्यासारख्यांनी जुन्यावरच भागवायचं होतं. तिने माझी ती एकुलती एक जुनी साधी विजार उसवली आणि तिचं कापड कोटाच्या दोन्ही कुशींना, काखेपासून कमरेपर्यंत, आतून लावलं. "हात फार वर करू नका म्हणजे झालं," तिने बजावलं. मी आरशासमोर उभा राहिलो. मला आनंद झाला. युद्ध सुरू झालं होतं, शेजारच्या घरातला मुलगा पहाटेच बराकीत गेला होता, त्याची आई खिडकीत बसून होती, हे सगळं मला दिसत होतं, आणि तरी मला आनंद झाला, पोटाच्या खालून वर येणारा, निर्लज्ज. कुणीतरी, कुठल्यातरी कचेरीत, यादीवरून बोट फिरवताना माझ्या नावाशी थांबलं होतं.

आणि तो आनंद दाखवण्याचा मोह मला आवरला नाही. रविवारी दुपारी बारा वाजता आम्हा निवृत्तांचं एक टेबल बाजारचौकातल्या खाणावळीत ठरलेलं असतं. तिथे कुणी कुठे बसायचं ते बढतीच्या तारखेवरून ठरतं. कर्नल एगेलिंग भिंतीकडच्या मुख्य खुर्चीवर, मीठदाणी त्यांच्या उजव्या हाताशी. मी सगळ्यांत कनिष्ठ, म्हणून दाराशी. हिवाळ्यात दार उघडलं की पहिला झोत माझ्या मानेवर. नऊ वर्षं मी तिथे बसलो. रस्त्यात भेट झाली की आधी माझा हात टोपीला जायचा, मग कर्नल दोन बोटं वर करायचे, माशी हाकलावी तशी. यात काही चुकीचं नव्हतं. कनिष्ठाने आधी सलाम करायचा हा जगाचा नियम आहे. त्या दिवशी मी गणवेशात आत शिरलो तेव्हा टेबलावरचे काटे थांबले. कर्नल बहात्तर वर्षांचे होते. त्यांनी चार दिवसांत तीन तारा केल्या होत्या, मला घ्या म्हणून, आणि तिन्हींना एकच उत्तर आलं होतं, वयाचा मान राखून नकार. त्यांनी माझा कोट वरपासून खालपर्यंत पाहिला, काखेतल्या शिवणीपाशी क्षणभर रेंगाळले.

"तुम्हाला बोलावलं?"

"हो, कर्नलसाहेब."

"कुठे?"

मी जंक्शनचं नाव सांगितलं.

"स्टेशन," ते म्हणाले. "म्हणजे गाड्या मोजायच्या." त्यांनी स्वतःच्या हाताने मीठ घेतलं, जे ते कधी घेत नसत, कारण दारापासून उठून येऊन ते देण्याचं काम माझं होतं. "तिथे फार विचार करू नका हं ब्रेनेके. गाडी निघून जाते."

टेबल हसलं. मीही हसलो. मी नेहमीच हसायचो. पण बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं की आज त्या हसण्याने माझं तोंड कडू झालं नाही. म्हातारा माझ्यावर जळत होता. कर्नल एगेलिंग, ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने आठशे माणसं ताठ व्हायची, ते मेजर ब्रेनेकेवर जळत होते. मी घरी जाताना मुलासारखा फरशीच्या रेघा चुकवत चाललो.

पुढचे तीन दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुंदर दिवस होते. दर दहा मिनिटांनी गाडी. पन्नास डबे, घोडे, तोफा, भाजलेल्या पावाचा आणि घामाचा आणि घोड्यांच्या मुताचा वास, डब्यांवर खडूने लिहिलेल्या फुशारक्या, आणि दारात पाय सोडून बसलेली पोरं, ज्यांना गावातल्या बाया कॉफी आणि चरबी लावलेला पाव देत. स्टेशनमास्तर हांके मला म्हणाला, "साहेब, तुमच्या आधीचे वेळापत्रकाकडे बघून ओरडायचे. तुम्ही वेळापत्रक वाचता." मी वाचत होतो. प्रत्येक गाडीपुढे दोनदा विचार करत होतो, रुळांचे सांधे स्वतः जाऊन बघत होतो, आणि एकही गाडी चुकली नाही. स्टेशनच्या हद्दीत कमांडंटचा शब्द शेवटचा. दुसऱ्याच दिवशी एका जनरलला गाडी अर्धा तास आधी सोडून हवी होती. मी नाही म्हटलं, आणि तो गपचूप डब्यात जाऊन बसला. जनरल! मी त्या रात्री आडेलला पत्र लिहिलं आणि त्यात ही एकच गोष्ट तीन वेळा लिहिली. गेलेल्या पोरांबद्दल मी लिहिलं नाही. एकाने मला विचारलं होतं, आजोबा, पॅरिस किती लांब? मी आकडा सांगितला होता, अगदी बरोबर आकडा, आणि गाडी हलल्यावर मला वाटलं होतं की आकडा सांगायला नको होता.

बुधवारी दुपारी तार आली. जिल्ह्याच्या कुठल्याशा कचेरीतून सगळ्या फाटकांना आणि पुलांना एकदम सुटली होती ती. फ्रान्सचं सोनं घेऊन मोटारी पश्चिमेकडून रशियाकडे निघाल्या आहेत. आतली माणसं जर्मन अधिकाऱ्यांच्या वेषात असतात. प्रत्येक मोटार अडवा. न थांबल्यास गोळी घाला. आमच्या स्टेशनला लागूनच रस्त्याचं फाटक आहे, आणि ते माझ्या हद्दीत येतं. तिथे राखीव दलाची सहा माणसं होती, चाळिशी उलटलेली, गणवेशाऐवजी दंडाला पट्टी बांधलेली, हातात माझ्या तरुणपणीच्या बंदुका. त्यांचा हवालदार पुश्के, एरवी गावचा खाटीक, तार ऐकून सुरी पाजळल्यासारखा हात चोळायला लागला. "शेजारच्या फाटकावर काल एक मोटार उडवली म्हणे, साहेब. ड्रायव्हर जागच्या जागी. आज त्या लोकांचा सत्कार आहे." चारच दिवसांनी कळायचं होतं की ती मोटार बाळंतिणीकडे निघालेल्या डॉक्टरची होती, आणि त्याच्याही नंतर दुसरी तार यायची होती की सोन्याच्या मोटारी वगैरे काही नाहीत, कृपया गोळीबार थांबवावा. पण त्या बुधवारी तासाभरात सगळं गाव फाटकाशी जमा झालं होतं. काटे, विळे, एकाच्या हातात तर चुलीतलं फावडं. म्हाताऱ्या बायांनी बसायला स्टुलं आणली होती. सोनं कुणाच्या बापाने पाहिलेलं नव्हतं, पण प्रत्येकाला त्याचं वजन ठाऊक होतं.

मी फाटकाचा आडवा दांडा खाली पाडला, माणसांना दोन्ही बाजूंना तीन-तीन उभं केलं, आणि सांगितलं की माझा उजवा हात वर असेपर्यंत कुणी बंदुकीच्या घोड्याला बोट लावायचं नाही. हात खाली आला की गोळी झाडायची. चार वाजायला आले होते. ऊन रस्त्यावर पांढरं पडलं होतं. मग लिंडनच्या झाडांच्या वळणावर धूळ उठली.

मोटार होती. पश्चिमेकडून आली होती. पूर्वेकडे चालली होती. पुश्केने लाल झेंडा हलवला, एकदा, दोनदा. मोटार हळू झाली नाही. उलट मागच्या सीटवरून एक हात पुढे झाला आणि चालकाच्या खांद्यावर आपटला, पुढे चल, पुढे चल असा. "अधिकाऱ्याचा वेष!" कुणीतरी ओरडलं. खरंच, धुळीतून टोकदार शिरस्त्राण चमकत होतं आणि खाली निळा कोट होता. तारेत लिहिलेलं अक्षर न् अक्षर समोरून चालत येत होतं. मी हात वर केला.

हात वर गेला आणि काखेतली शिवण ताणली गेली. आडेलने बजावलं होतं. पहिला टाका तुटल्याचं मला ऐकू आलं नाही, जाणवलं, मुंगी चावावी तसं. मोटार तीनशे पावलांवर होती, आणि मी १९०५ च्या सप्टेंबरातल्या बिटाच्या शेतात उभा होतो. लढाईचा सराव होता तो, खोटी लढाई, बड्या बड्या लोकांसमोर. पहाटेचं धुकं दुधासारखं दाट. समोर टेकडीच्या पायथ्याशी काळ्या आकृत्या हलत होत्या. माझा सहायक कानाशी कुजबुजत होता, मेजरसाहेब, शत्रू, मेजरसाहेब, हुकूम द्या. शत्रूच्या टोप्यांना पांढरी पट्टी असायची, आणि धुक्यात पट्टी दिसत नव्हती. ती आपलीच माणसं असली तर? मी थांबलो. किती थांबलो? अहवालात पाच मिनिटं लिहिलं आहे. धुकं वितळलं तेव्हा पांढऱ्या पट्ट्या टेकडीच्या माथ्यावर पोचलेल्या होत्या आणि पंच घोड्यावरून येऊन मला म्हणाला, तुम्ही मेलात, मेजर, तुम्ही आणि तुमची सगळी बटालियन. आम्ही आठशे मेलेली माणसं त्या बिटाच्या शेतात बसून पाव खात राहिलो. कर्नल एगेलिंग दूरवर घोड्यावर बसून आमच्याकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग परवडला असता. तर तेव्हा ते शत्रूच होते. हे विसरायचं नाही, मी स्वतःला सांगत होतो. तू थांबलास आणि तू चुकलास, लोथार, ते शत्रूच होते. दुसरा टाका तुटला. मोटार दोनशे पावलांवर होती.

"साहेब," पुश्के म्हणाला.

हात खाली करणं म्हणजे काय, एक हात खाली करणं. शिवण वाचेल. सत्कार होईल. रविवारी खाणावळीत बातमी पोचेल, आणि तिथे, मिठाच्या दाणीपाशी, कुणीतरी बराच वेळ गप्प बसेल. नऊ वर्षांचं ते वाक्य एका झटक्यात पुसलं जाईल. आणि नाही केला आणि सोनं निघून गेलं, तर? तर तिसरं निळं पाकीट. आडेलला विजार परत शिवायला कापडसुद्धा उरलं नव्हतं. माझा हात जड व्हायला लागला होता, दंडात कळ यायला लागली होती, म्हणजे निर्णय न घेताही हात आपोआप खाली येऊ शकत होता, आणि मला आठवतं, मी डाव्या हाताने उजवं मनगट धरावं की काय असा विचार करत होतो. घाम डोळ्यांत उतरला होता. मागे गाव ओरडत होतं. शंभर पावलं.

"साहेब! अहो साहेब, कशाची वाट बघताय?"

"विचार करतोय," मी म्हणालो.

मी खरंच करत होतो. मला तो कोट दिसत होता. निळा कोट, आणि त्याच्या मधोमध, पोटावर, सदऱ्याची एक पांढरी फट. बटणं लागत नव्हती. तिसरा टाका तुटला आणि त्याबरोबर मला हसूच फुटलं असतं. हेर असता तर त्याने कोट अंगासरशी शिवून घेतला नसता का? पॅरिसचे शिंपी काय मेलेत? जगात अशी एकच जात आहे जी चार बोटांची फट ठेवून, श्वास रोखून, छाती काढून लढाईला निघते, आणि त्या जातीचा मी आहे. पण ही काही खात्री नव्हती. पोट हेरालाही असू शकतं. मला खात्री नव्हती, एवढंच मला खात्रीने माहीत होतं, आणि त्या धुक्यातही मला एवढंच माहीत होतं. तेव्हा मला या गोष्टीची लाज वाटली होती. आता, पन्नास पावलांवर, शिवण काखेपासून कमरेपर्यंत सर्रकन फाटत गेली, वारा आत शिरला, आणि मला लाज वाटेनाशी झाली. "बंदुका जमिनीकडे!" मी ओरडलो, आणि हात तसाच वर ठेवला, वर, वर, आता तर त्याला अडवायला काही उरलंच नव्हतं. बंदुका खाली वळल्या. चालकाला दांडा दिसला असावा. चाकं किंचाळली, मोटार आडवी घसरत आली, आणि दांड्याला लागून तिचा एक दिवा फुटला.

गाव मोटारीवर तुटून पडायच्या बेतात होतं. आतून एक आवाज आला, आणि तो आवाज ऐकून माझ्या टाचा आपोआप एकमेकींना चिकटल्या.

"कुठला गाढव आहे इथला कमांडंट?"

"मी, कर्नलसाहेब," मी म्हणालो.

कर्नल एगेलिंग मोटारीत उभे होते, तलवार दोन्ही हातांत धरून, धुळीने भुवया पांढऱ्या झालेल्या. पुश्के बंदूक घेऊन त्यांच्यापर्यंत पोचला होता. "हे माझ्या रेजिमेंटचे कर्नल आहेत," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "मी यांना अठरा वर्षं ओळखतो. मागे व्हा." कुणी मागे होईना. एक म्हातारी स्टुलावरूनच म्हणाली, "म्हणजे सोनं नाही?" मग मोटार तपासावीच लागली. एक भाजलेल्या मांसाचा तुकडा, सहा उकडलेली अंडी, एक पिसांची उशी आणि तीन तारांची तीन उत्तरं निघाली. लोक हिरमुसून पांगले. पुश्केने एक अंडं फोडून आत पाहिलं, मग म्हणाला, "खाऊ का?"

कर्नलना मी माझ्या खोलीत नेऊन कॉफी दिली. हुकमाशिवाय त्यांना कुठल्याही गाडीत जागा मिळत नव्हती, म्हणून त्यांनी बिअरवाल्याची मोटार उसनी घेतली होती आणि पूर्वेला पोझेनच्या मुख्यालयात जाऊन, समोर उभं राहून, 'माझ्यात काय कमी आहे ते सांगा' असं विचारणार होते. "झेंडा दिसला," ते म्हणाले. "मी चालकाला म्हटलं, थांबू नकोस, राखीव दलाची म्हातारी माणसं आहेत, त्यांच्यासाठी कर्नल थांबत नसतो." मी तार त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावला. वाचली. पुन्हा वाचली. कप त्यांनी बाजूला सरकवला.

"हात किती वेळ वर होता?"

"पुश्के म्हणतो, मिनिटभर. मला जास्त वाटला."

"हुकूम स्पष्ट आहे."

"हो."

"वेष, दिशा, न थांबणं. सगळं जुळत होतं."

"हो, कर्नलसाहेब."

ते खिडकीकडे पाहत राहिले. एक गाडी शिटी देत निघाली. "मी असतो तर झाडली असती," ते म्हणाले. "वळणावरच."

"माहीत आहे."

त्यावर ते माझ्याकडे वळले. एखादा नवीन माणूस खोलीत आलाय असं पाहिलं त्यांनी. माझ्या फाटलेल्या काखेतून आडेलने लावलेलं तपकिरी कापड लोंबत होतं. "ब्रेनेके, तुमच्या अहवालातलं ते वाक्य..."

"तेही माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि नऊ वर्षं मला मीठ देत होतात तुम्ही?"

"मागत होतात म्हणून दिलं."

ते हसले नाहीत, मीही नाही. पण मला असं हलकं वाटत होतं की खुर्चीला धरून बसावं. त्यांनी माफी मागितली नाही. कर्नल एगेलिंगनी माफी मागितली असती तर मला ती कुठे ठेवावी हेही कळलं नसतं. त्यांनी उरलेली कॉफी एका घोटात संपवली, शिरस्त्राण डोक्यावर चढवलं, पोट आत घेऊन कोटाचं एक बटण लावायचा प्रयत्न केला आणि नाद सोडला. मग बाहेर जाऊन मोटारीत बसले. चालकाने फुटलेल्या दिव्याच्या काचा गोळा करून ठेवल्या होत्या. पुश्के दांड्याच्या दोरीशी उभा होता, तोंडात अंडं. आणि मोटार हलेना, कारण दांडा खाली होता, आणि स्टेशनच्या हद्दीत माझ्या शब्दाशिवाय तो वर जात नाही. कर्नलसाठी नाही, जनरलसाठी नाही.

हे त्यांच्याही ध्यानात आलं. ते पुन्हा मोटारीत उभे राहिले.

"मेजर ब्रेनेके," ते म्हणाले, खणखणीत, परेडवरच्या आवाजात, सगळ्या फाटकाला ऐकू जाईल असं. "पुढे जाण्याची परवानगी मागतो."

मी रुळांकडे पाहिलं. सिग्नल पाहिला. घड्याळ काढलं. पुढची गाडी सात मिनिटांवर होती, हे मला घड्याळ न काढताही ठाऊक होतं.

"थांबा," मी म्हणालो. "विचार करतो."

आणि मी केला. ऊन उतरायला लागलं होतं. फाटक्या कुशीतून वारा मजेत येत-जात होता. अंगणातली पेअरं या वर्षी आडेल एकटीच काढील, आणि वेळेवर काढील. कर्नल ताठ उभे होते, चालक गप्प होता, पुश्केने चावणं थांबवलं होतं, आणि कुणीही, एकानेही, साहेब म्हणून हाक मारली नाही. एक पूर्ण मिनिट ते सगळे माझ्या विचारासाठी थांबले. मग मी हात वर केला, आणि सावकाश खाली आणला. पुश्केने दोरी ओढली. दांडा वर गेला. मोटार रूळ ओलांडून पलीकडच्या धुळीत शिरण्याआधी कर्नल एगेलिंगनी मागे वळून सलाम ठोकला, दोन बोटांचा नाही, पुरा सलाम, आणि माझा हात टोपीपर्यंत पोचायच्या आधी.